किप्टम, किपचोगे, बेकेले, वानजिरू: आपापल्या सर्वोत्तम दिवशी कोण जिंकलं असतं?

प्रश्न थोडक्यात असा: केनियाच्या केल्विन किप्टमची २०२३ ची शिकागो मॅरेथॉन (४२.१९५ किमी), केनियाच्याच एलियुड किपचोगेची २०२२ ची बर्लिन आणि इथिओपियाच्या केनेनिसा बेकेलेची २०१९ ची बर्लिन या तीन शर्यती एकाच सकाळी, एकाच रस्त्यावर झाल्या असत्या तर पहिला कोण आला असता? त्यालाच जोडून विचारलं आहे की केनियाचा सॅमी वानजिरू आणि इथिओपियाचा अबेबे बिकिला या ऑलिंपिक विजेत्यांना या रांगेत कुठे उभं करायचं, आणि महिलांमध्ये ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ सरस की इथिओपियाची तिगस्त असेफा.

माझं मत आधी सांगून टाकतो, कारणं मागाहून. थंड हवा, सपाट रस्ता आणि चांगले पेसर (ठरलेल्या वेगाने पुढे धावून सोबत देणारे) असतील तर किप्टम, पण घड्याळ दाखवतं तेवढ्या फरकाने नाही. पेसर नसतील आणि ऊन असेल तर किपचोगे, आणि तिथे त्याला घाम फोडणारा माणूस किप्टम नसून वानजिरू असेल.

लांब पल्ल्याचे धावपटू घडवण्यात माझं बहुतेक आयुष्य गेलं आहे. आमच्याकडे रविवारच्या लाँग रननंतर हा वाद हमखास निघतो आणि नेहमी एकाच जागी येऊन थांबतो: किप्टम २:००:३५, किपचोगे २:०१:०९, बेकेले २:०१:४१, लागला क्रम. मला हे पटत नाही. क्रम चुकीचाच आहे असं नाही, पण फिनिशची वेळ त्या माणसाची एकट्याची नसते. त्या दिवशीचं तापमान, वारा, रस्त्याचा चढउतार, किती किलोमीटरपर्यंत सोबत मिळाली, पायात काय होतं, हे सगळं त्या एका आकड्यात मिसळलेलं असतं. ते जमेल तितकं वेगळं करायचं आणि मगच माणसांची तुलना करायची.

सुरुवात किप्टम आणि किपचोगेपासून करू, कारण त्यांचे दर पाच किलोमीटरचे स्प्लिट, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या वेळा, शेजारी शेजारी ठेवले की असं काही दिसतं जे शेवटच्या वेळेत अजिबात दिसत नाही. बर्लिनला किपचोगेने पहिले ५ किमी १४:१४ मध्ये काढले. शिकागोला किप्टमला १४:२६ लागले. १० किमीला २८:२३ आणि २८:४२. अर्ध्या अंतरावर किपचोगे ५९:५१, किप्टम ६०:४८. म्हणजे दोघं एकाच रस्त्यावर असते तर निम्मी शर्यत झाली तेव्हा किपचोगे ५७ सेकंदांनी, सव्वातीनशे मीटरहून जास्त अंतराने पुढे असता. किप्टमला त्याची पाठसुद्धा धड दिसली नसती.

३० किमीलाही चित्र फारसं बदलत नाही. किपचोगे १:२५:४०, किप्टम १:२६:३१. अजून ५१ सेकंद. कोणत्याही अनुभवी प्रशिक्षकाने या क्षणी सांगितलं असतं की पुढच्याने हातपाय गाळले नाहीत तर शर्यत संपली. आणि किपचोगेने काही हातपाय गाळले नव्हते, त्याने पुढचे ५ किमी १४:३० मध्ये काढले. किप्टमने तेच ५ किमी काढले १३:५१ मध्ये. ३५ किमीच्या खुणेवर अंतर उरलं १२ सेकंदांचं. त्यापुढचे ५ किमी किपचोगे १४:४३, किप्टम १४:०१. म्हणजे साडेछत्तीस किलोमीटरच्या आसपास किप्टमने त्याला गाठलं असतं आणि ४० किमीला तो ३० सेकंद पुढे निघून गेला असता. शेवटच्या सव्वादोन किलोमीटरमध्ये मात्र दोघांत जेमतेम ४ सेकंदांचा फरक आहे.

ते १३:५१ जरा बारकाईने बघा. किलोमीटरला २ मिनिटं ४६ सेकंद. हा वेग पूर्ण मॅरेथॉनभर टिकला तर वेळ १:५७ च्याही आत येते. आणि हे कुठे घडतंय, तर ३० किमीनंतर, जिथे शरीरातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेलं इंधन, तळाला गेलेलं असतं, मांडीच्या स्नायूंना हजारो पावलांचा मार बसलेला असतो आणि त्याच वेगाला आता जास्त ऑक्सिजन लागू लागतो. आमच्या धावपटूंना मी या टप्प्यावर सायकलवरून बघत असतो. आधी खांदे वर चढतात, मग कोपरं बाहेर फाकतात, कंबर खाली बसते आणि पाऊल जमिनीवर क्षणभर जास्त रेंगाळतं. त्याला स्वतःला वाटतं की आपण तितकंच धावतोय, घड्याळ सांगतं की किलोमीटरमागे दहा सेकंद गेले. किप्टमच्या शिकागोच्या चित्रणात ३० ते ३५ किमीच्या दरम्यान मी हे सगळं शोधतो आणि यातलं काहीच सापडत नाही. उलट पावलं अधिक झपझप पडताना दिसतात.

शरीरशास्त्राच्या अंगाने मॅरेथॉनचा हिशेब बराच काळ तीन गोष्टींवर मांडला जायचा: व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं), लॅक्टेट थ्रेशोल्ड (ज्या वेगापुढे थकवा झपाट्याने चढतो) आणि रनिंग इकॉनॉमी (ठरावीक वेगाला किती ऑक्सिजन लागतो). १९९१ साली मायकेल जॉयनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने याच तिघांची गणिती जुळणी करून माणसाची मॅरेथॉन १:५७:५८ पर्यंत जाऊ शकते असं मांडलं होतं. तेव्हा विश्वविक्रम २:०६:५० होता. आता चौथी गोष्टही मोजली जाते, ती म्हणजे पहिल्या तिन्ही गोष्टी दोन तासांच्या माराखाली किती कमी ढासळतात. किप्टमचं वेगळेपण या चौथ्या गोष्टीत होतं. तो तीनच मॅरेथॉन धावला, तिन्ही जिंकला, आणि तिन्हींत दुसरी अर्धी शर्यत पहिलीपेक्षा वेगवान: व्हॅलेन्सियाला दुसरी बाजू ६०:१५, लंडनला ५९:४५, शिकागोला ५९:४७. त्याच्या प्रशिक्षकाने, गेर्वे हकिझिमानाने, त्याचा सराव आठवड्याला २५० ते ३०० किमी असल्याचं सांगितलं होतं. हा आकडा वाचून कुणी आपला सराव वाढवू नये. पण तिसाव्या किलोमीटरनंतर त्या पायांत जे दिसायचं ते कुठून आलं, याचा काही अंश या आकड्यात आहे.

आता वरची जोडणी कागदावरची आहे हे विसरू नका. खरोखर समोरासमोर धावले असते तर दोघांपैकी कुणीही असा धावला नसता. बर्लिन २०२२ ला किपचोगेची दुसरी बाजू ६१:१८ ची झाली, ती पहिली ५९:५१ ची झाली म्हणूनच. त्या दिवशी त्याला कुणाला हरवायचं नव्हतं, दुसरा आलेला मार्क कोरिर जवळजवळ पाच मिनिटं मागे होता. शेजारी किप्टम असता तर किपचोगेने इतकी उधळपट्टी केली असती असं मला वाटत नाही. २५ किमीनंतर त्याच्यासोबत पेसरही नव्हता. किप्टमलाही शिकागोत ३० किमीपर्यंत डॅनियल मातेइको सोबत होता, आणि मातेइको अर्ध मॅरेथॉन ५८:२६ मध्ये धावलेला माणूस.

शिवाय माझ्या मते प्रश्नात किपचोगेचा दिवसच चुकीचा निवडला गेलाय. त्याचा सर्वोत्तम दिवस २०२२ चा नाही, १६ सप्टेंबर २०१८ चा आहे. त्या दिवशी बर्लिनला तो २:०१:३९ धावला, म्हणजे चार वर्षांनंतरच्या वेळेपेक्षा ३० सेकंद हळू. पण काय परिस्थितीत? दोन पेसर १५ किमीलाच गळाले, तिसरा २५ ला. उरलेले १७ किमी तो एकटा. पायात त्या वेळचा नायकीचा व्हेपरफ्लाय हा कार्बन प्लेटचा बूट होता. तो चांगलाच बूट, पण २०२२ च्या अल्फाफ्लायच्या आधीच्या पिढीतला. तरीही पहिली बाजू ६१:०६ आणि दुसरी, बहुतांश एकट्याने काढलेली, ६०:३३. डेनिस किमेट्टोचा २:०२:५७ चा विक्रम त्याने एका झटक्यात ७८ सेकंदांनी मोडला. मॅरेथॉनचे विक्रम त्याआधी साधारणपणे पाच, पंधरा, तीस, क्वचित पंचेचाळीस सेकंदांनी पुढे सरकत होते. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. बर्लिन २०२२ ला ३७ वर्षांचा.

म्हणून माझी जोडी अशी: २०१८ चा किपचोगे, पायात किप्टमच्या पिढीचा बूट, आणि ३० किमीपर्यंत दोघांना सोबत. बुटाचे आणि सोबतीचे मिळून मी किपचोगेला अर्धा ते पाऊण मिनिट देईन, त्याहून जास्त देणं मला अप्रामाणिक वाटतं. म्हणजे तो २:०१ च्या आसपास, कदाचित थोडा आत. ३० किमीपर्यंत दोघं खांद्याला खांदा लावून. मग किप्टमची ती झेप. किपचोगे लगेच उत्तर देणार नाही, त्याची ती पद्धतच नव्हती, तो दोन किलोमीटर घेऊन हळूहळू अंतर भरून काढू बघेल. पण १३:५१ ला दोन किलोमीटर मोकळे सोडले की शंभर मीटर हातचे जातात. माझ्या हिशेबाने किप्टम १५ ते २० सेकंदांनी जिंकतो.

इथे कुणीतरी व्हिएन्नाचे १:५९:४० काढणारच. १२ ऑक्टोबर २०१९ ला किपचोगे खरोखर दोन तासांच्या आत धावला आणि ते दृश्य मी कधीही विसरणार नाही. पण तुलनेच्या तराजूत ते बसत नाही. एक्केचाळीस पेसर आळीपाळीने येत होते, त्यांची रचना वारा अडवण्यासाठी आखलेली होती, पुढच्या गाडीतून रस्त्यावर लेसरची रेषा पडत होती आणि पाण्याच्या बाटल्या सायकलवरून हातात येत होत्या. किपचोगेशी शर्यत लावायला कुणी नव्हतंच. त्या वेगाला हवेचा अडथळा लहान नसतो. आडोसा मिळाला की प्रत्येक किलोमीटरला सेकंद वाचतो, आणि ४२ किलोमीटरमध्ये सेकंदा-सेकंदाने मिनिट होतं. त्या दिवसाने माणूस दोन तासांच्या आत धावू शकतो हे दाखवलं. किपचोगे किप्टमला हरवेल की नाही, हे त्यातून कळत नाही.

आता बेकेले. २०१९ च्या बर्लिनला तो २:०१:४१ धावला, किपचोगेच्या विक्रमाला दोन सेकंद कमी पडले. पण या शर्यतीत जे घडलं त्यामुळे मी तिला आकड्यापेक्षा वरचा दर्जा देतो. ३० किमीनंतर बिरहानु लेगेसेने वेग वाढवला आणि बेकेले मागे पडला. बघणाऱ्यांना वाटलं, संपलं याचं. मग तो परत आला, लेगेसेला गाठलं, मागे टाकलं आणि त्याच्यापेक्षा ६७ सेकंद आधी पोचला. म्हणजे त्या २:०१:४१ च्या आत एक ढिला पडलेला तुकडा आहे. तो तुकडा नसता तर विक्रम त्या दिवशीच गेला होता.

बेकेलेकडे ट्रॅकवरचा जो वेग होता तो बाकीच्या दोघांकडे नव्हता. ५,००० मीटर १२:३७.३५, १०,००० मीटर २६:१७.५३, हे विक्रम दीड दशक टिकले. किपचोगेची ५,००० ची सर्वोत्तम वेळ १२:४६.५३. किप्टमने तर ट्रॅकवर नावच कमावलं नाही, तो रस्त्यावरच घडला. म्हणून शेवटच्या चारशे मीटरला तिघं एकत्र असतील तर मी डोळे झाकून बेकेलेचं नाव घेईन. (२००३ च्या पॅरिस जागतिक स्पर्धेत ५,००० मीटरला अठरा वर्षांच्या किपचोगेने मोरोक्कोचा एल गेरूज आणि बेकेले दोघांनाही हरवलं होतं, पण ती रात्र वेगळीच होती.) अडचण अशी की तिघं शेवटपर्यंत एकत्र राहतीलच कशाला? किपचोगे आणि बेकेले मॅरेथॉनमध्ये समोरासमोर आले त्या शिकागो २०१४, लंडन २०१६ आणि लंडन २०१८ मध्ये किपचोगे जिंकला आणि बेकेले बराच मागे राहिला. बर्लिन २०१७ ला तर बेकेले मधूनच बाहेर पडला. बेकेलेचे मोठे दिवस नेमके किपचोगे नसताना आले. दुखापतींनी त्या माणसाचं जितकं नुकसान केलं तितकं कुठल्याच प्रतिस्पर्ध्याने केलं नाही. त्याच्या सर्वोत्तम दिवशी मी त्याला २:०१ च्या आत धरतो, पण या तिघांत तिसरा.

इथवर आपण बर्लिन, शिकागोसारखा रस्ता गृहीत धरला. रस्ता आणि हवा बदलली की उत्तर बदलतं, आणि हे आपल्याकडच्या धावपटूंना समजावून सांगावं लागत नाही. मुंबईची मॅरेथॉन ज्यांनी केली आहे त्यांना पेडर रोडचा चढ आणि उशिरा पोचणाऱ्यांना गाठणारं नऊ वाजताचं ऊन माहीत आहे. जगातले चांगले धावपटू तिथे येऊन गेले तरी तिथला विक्रम हायले लेमीने २०२३ ला केलेला २:०७:३२ हा आहे. तोच लेमी दुबईला २:०४:३३ धावला होता. मोठ्या मॅरेथॉनला पोषक तापमान दहा अंशांच्या आसपासचं, पंचविशीच्या पुढे प्रत्येक अंश किंमत वसूल करतो. आणि दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो.

म्हणूनच मला २४ ऑगस्ट २००८ ची बीजिंगची सकाळ या सगळ्या चर्चेत हवी असते. ऑलिंपिक मॅरेथॉन म्हणजे पेसर नाहीत, पारा तिशीकडे निघालेला, आणि उन्हात ऑलिंपिक मॅरेथॉन कशी धावायची याची एक ठरलेली रीत होती: तीस किलोमीटर जपून धावा, मग काय ते बघा. २१ वर्षांच्या वानजिरूने ती रीत पहिल्या किलोमीटरपासूनच मोडली. तो पहिल्यापासून रेटत राहिला. अर्धी शर्यत ६२:३४ ला. एकेक जण गळत गेला. शेवटी २:०६:३२, आणि १९८४ पासूनचा कार्लोस लोपेसचा २:०९:२१ चा ऑलिंपिक विक्रम जवळपास तीन मिनिटांनी मोडला. तोवर दोनदा जगज्जेता झालेला जवाद घरिब ४४ सेकंद मागे राहिला, आणि तिसऱ्याची वेळ २:१० होती.

आता हे सोडवून बघू. त्याच्या पायात पातळ तळव्याचा जुन्या पद्धतीचा बूट. कार्बन प्लेट आणि नव्या फोमच्या बुटांवर कोलोरॅडो विद्यापीठात झालेल्या चाचण्यांत धावण्याचा ऊर्जाखर्च सरासरी ४ टक्क्यांनी कमी झाला होता. ऊर्जेतले ४ टक्के म्हणजे वेळेतले ४ टक्के नव्हेत. या वेगाला हवेचा अडथळा बराच खातो, आणि माणसागणिक फायदा वेगळा. मी दीड टक्का धरतो. ऊन आणि पेसर नसणं याचे मिळून दोन टक्के धरतो, हे मुद्दाम हात आखडून. तरीही २:०२ च्या जवळ येतो. हात थोडा सैल सोडला तर किप्टमच्याही शेजारी. माझ्या दृष्टीने बीजिंगचा वानजिरू हा कुठल्याही काळातल्या कुणाच्याही सर्वोत्तम दिवसाला तोंड देऊ शकणारा माणूस आहे. आणि तो २०११ च्या मे महिन्यात गेला तेव्हा २४ वर्षांचा होता. किप्टमही ११ फेब्रुवारी २०२४ ला काप्तागतजवळच्या मोटार अपघातात प्रशिक्षकासह गेला तेव्हा २४ चाच होता. एप्रिलमध्ये रॉटरडॅमला तो दोन तासांच्या आत जाण्याचा प्रयत्न करणार होता. या दोघांबद्दल लिहिताना अजूनही हात जड होतो.

तर पेसर नसलेल्या, उन्हातल्या शर्यतीत कोण? किपचोगेने रिओला पावसात २:०८:४४ आणि २०२१ ला साप्पोरोच्या दमट हवेत २:०८:३८ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. दोन्हीकडे त्याने घाई केली नाही, दोन्हीकडे उत्तरार्धात एकदाच वेग वाढवला आणि तो वाढवला तेव्हा मागे कुणी उरलं नाही. साप्पोरोला दुसऱ्यापेक्षा ८० सेकंद पुढे. किप्टमला अशी परीक्षा द्यायला मिळालीच नाही. त्याच्या तिन्ही शर्यती थंड हवेतल्या, सपाट रस्त्यांवरच्या. वानजिरूने पहिल्यापासून रेटलं तर शर्यत तोडफोडीची होईल, आणि अशा शर्यतीत कोणाच्या मागे किती वेळ जायचं हे किपचोगेइतकं कुणालाच कळत नव्हतं. मी किपचोगेला पहिला ठेवतो, वानजिरूला अगदी थोड्या सेकंदांनी दुसरा.

एखाद्या दिवसाने धावपटूला किती हात दिला हे ओळखायची एक रीत सांगतो, फार उपयोगी आहे: विजेत्याकडे बघू नका, त्याच्या मागच्यांकडे बघा. २०११ ला बॉस्टनमध्ये जेफ्री मुताई २:०३:०२ धावला आणि मोसेस मोसोप २:०३:०६. तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा जवळजवळ एक मिनिट कमी. विक्रम धरला गेला नाही, कारण बॉस्टनचा रस्ता एका गावातून निघून दुसरीकडे संपतो आणि उतारही नियमापेक्षा जास्त आहे. पण मुख्य मुद्दा पाठीमागचा वारा. तो किती होता हे चौथ्या आलेल्या रायन हॉलकडून कळतं. तो त्या दिवशी २:०४:५८ धावला आणि इतरत्र त्याची सर्वोत्तम वेळ होती २:०६:१७. म्हणजे त्या दिवसाची देणगी मिनिटभराहून जास्त. मुताई मोठाच धावपटू होता, त्या दिवशीची वेळ मात्र २:०४ च्या पलीकडची समजावी.

बिकिलाच्या बाबतीत मी वेळेचं रूपांतर करायच्या भानगडीत पडत नाही. १९६० ला रोममध्ये अनवाणी २:१५:१६, १९६४ ला टोकियोत अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा आठवड्यांतच २:१२:११. रस्ते वेगळे, आहार वेगळा, शर्यतीत पाणी किती प्यायचं याच्या कल्पनाही वेगळ्या. तिथे एकच माप चालतं, आपल्या काळातल्या बाकीच्यांपासून तो किती पुढे होता. टोकियोत दुसरा आलेला बेसिल हीटली ४ मिनिटं ८ सेकंद मागे होता. ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत हे अंतर अफाट आहे. तरी एक खुणगाठ बांधायला हवी: तेव्हा पूर्व आफ्रिकेतून फार थोडे धावपटू बाहेर येत होते, आज त्याच्याभोवती त्याच डोंगरांतले शंभर जण असते. आपल्या शिवनाथ सिंगांनाही याच मापाने बघावं असं मला वाटतं. पुष्कळदा अनवाणी धावणारा हा सैनिक १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये अकरावा आला आणि १९७८ ला जालंधरला २:१२:०० धावला. बूट सुधारले, प्रशिक्षण शिबिरं आली, धावताना घ्यायचे ऊर्जा-जेल आले, तरी तो राष्ट्रीय विक्रम चाळीस वर्षांहून जास्त काळ तिथेच होता.

राहिला महिलांचा प्रश्न. रॅडक्लिफने १३ एप्रिल २००३ ला लंडनला २:१५:२५ नोंदवली. सोबत पुरुष पेसर होते, हे खरं. पण ती धावली ६८:०२ आणि ६७:२३ अशी, म्हणजे दुसरी बाजू वेगवान, आणि दुसरी आलेली कॅथरिन न्देरेबा साडेचार मिनिटं मागे. न्देरेबा काही ऐरीगैरी नव्हती, रॅडक्लिफच्या आधीचा एक विश्वविक्रम तिच्याच नावावर होता. रॅडक्लिफची ही वेळ सोळा वर्षं कुणालाही मोडता आली नाही. मोडली ती ब्रिजिड कोस्गेईने २०१९ च्या शिकागोत, २:१४:०४, आणि तोवर नवे बूट आले होते.

असेफाने २४ सप्टेंबर २०२३ ला बर्लिनला २:११:५३ नोंदवली. तीही ६६:२० आणि ६५:३३, उत्तरार्ध वेगवान. मूळची ८०० मीटरची धावपटू, रिओ ऑलिंपिकला त्याच अंतरात उतरलेली, दोन मिनिटांच्या आत ८०० मीटर धावणारी. हा वेग ती मॅरेथॉनपर्यंत घेऊन आली, ही मला सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते. पायात १३८ ग्रॅम वजनाचा आदिदासचा बूट होता.

रॅडक्लिफच्या वेळेतून बुटाचा दीड टक्का वजा केला तर २:१३:२३ येते, दोन टक्के केला तर २:१२:४३, अडीच केला तर २:१२:०२. बूट महिलांना पुरुषांपेक्षा थोडा जास्त लाभतो असं मला माझ्या सरावातल्या मुलींच्या वेळांवरून वाटतं, म्हणून मी अडीचच्या बाजूला झुकतो. म्हणजे दोघी दहा सेकंदांच्या आत येतात. रूथ चेपनगेतिचचे २०२४ च्या शिकागोतले २:०९:५६ मी या तुलनेत घेत नाही. नंतरच्या उत्तेजक चाचणीत ती दोषी ठरली, तिने नियमभंग कबूल केला आणि तिच्यावर तीन वर्षांची बंदी आली. शिकागोची वेळ अधिकृत नोंदीतून काढलेली नाही, पण मी माझ्या धावपटूंपुढे ती उदाहरण म्हणून ठेवत नाही.

तर रॅडक्लिफ की असेफा? सपाट रस्त्यावर, थंडीत, पुरुष पेसर घेऊन धावल्या तर रॅडक्लिफ पहिल्या किलोमीटरपासून वेग लावेल, कारण शेवटच्या दोनशे मीटरला आपलं काही चालत नाही हे तिला ट्रॅकवरच्या अनुभवातून पक्कं ठाऊक होतं. असेफाला तिच्या मागे लटकून राहायचं आहे, एवढंच. ४० किमीला ती मागे टिकली असेल तर शर्यत तिची. पण पॅरिस ऑलिंपिकला शेवटच्या काही मीटरमध्ये सिफान हसनने तिला तीन सेकंदांनी हरवलं, हेही ध्यानात ठेवायला हवं. तिचा ८०० मीटरचा वेग ४२ किमीनंतर आपोआप हाताशी येतो असं नाही. लंडनच्या त्या सकाळची रॅडक्लिफ तिला ३५ किमीच्या आत मागे सोडून जाईल असं माझं मत आहे, आणि पायात बूट सारखे असतील तर मी रॅडक्लिफचंच नाव लिहीन.